हत्तीच्या लिदीची चाळण

मी एक जुनी चाळण आहे. मित्रांनो, माझी गोष्ट एका पत्रापासून सांगावी लागेल. सहा वर्षांपूर्वी ते आले. मास्तरांनी वाचले, घडी घातली आणि जाड पुस्तकात ठेवले. उत्तर दिले नाही.

मास्तर झाडांचे अभ्यासक. त्यांच्यासाठी सुताराने लाकडी चौकटीवर तारेची जाळी ठोकून मला घडवले. माझे काम ऐकून नाक मुरडू नका. घनदाट जंगलात हत्तींच्या वाटेवर पडलेली लीद माझ्यात धुवायची आणि बिया निवडायच्या. काही बिया मुठीएवढ्या. एवढाली फळे गिळणार कोण? हत्तीच. आणि तोच त्या बिया दूरवर नेऊन टाकणार.

मास्तर एकेक बी ब्रशने घासून स्वच्छ वाळूत पेरत. वनरक्षक हसे. "अहो मास्तर, बी आहे ते, नवरदेव नाही! न्हाऊ-माखू कशाला घालताय? लिदीसकट पुरा की!"

मास्तरांनी ऐकले नाही. एकही बी उगवले नाही. 'हत्तीच्या पोटातून आलेले बी रुजत नाही,' असे त्यांनी वहीत लिहिले. ते छापून आले, कौतुक झाले. मलाही मास्तरांच्या घरी, त्यांच्या खोलीच्या भिंतीवर मानाची खुंटी मिळाली.

वर्षभराने जंगलातल्या आमच्या कामाच्या शेडमागे, जिथे माझ्यातला चोथा फेकत, तिथे निसटलेल्या बियांची गुडघाभर रोपे उभी होती. मास्तरांनी ती पाहिली. पुन्हा पेरून खात्री करू, मग लिहू, असे म्हणत राहिले.

तेवढ्यात वनरक्षकाचे पत्र आले. 'हत्तींच्या वाटेवर कुंपण घालायचं ठरलंय. साहेब तुमचं लिखाण दाखवतात. म्हणतात, हत्ती नसले तरी जंगलाचं काही अडत नाही. शेडमागची रोपं तुम्ही पाहिलीत. दोन ओळी लिहा. पंधरा दिवस आहेत.'

पंधरा दिवस मास्तर लिहीत आणि फाडत राहिले. कुंपण झाले. हत्ती फिरकेनासे झाले. आता म्हणे फळे झाडाखालीच कुजतात आणि नवे रोप कुठे दिसत नाही. मीही खुंटीवर गंजले.

परवा मास्तरांची धाकटी बहीण खोली आवरायला आली. पुस्तक झटकताना पत्र पडले.

"दादा, याला उत्तर दिलंस ना?"

मास्तर पत्राची पुन्हा घडी घालू लागले.

"एवढी पुस्तकं वाचलीस रे, आणि 'माझं चुकलं' एवढं लिहिता येईना?"

"आता काय उपयोग?"

"ते त्याला ठरवू दे. तू लिही."

मास्तरांनी लिहिले, 'माझे निरीक्षण चुकीचे होते. लिदीतले बी रुजते. हे पत्र कुणालाही दाखवा.' खाली सही केली.

मित्रांनो, चूक कळली की त्याच दिवशी सांगा. झाड वाढायला शंभर वर्षे लागतात. हत्तीला वाट विसरायला तेवढी लागत नाहीत.

खिडकीतून मला कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. मास्तर तिथे बराच वेळ उभे होते. मग पाकीट आत पडले. त्यांनी लगेच फटीत बोटे घालून पाहिली. ते हाताला लागले नाही.