दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा एकच हट्ट होता. स्टिअरिंग हातात असेपर्यंत शिकणाऱ्याचं तोंड चालू पाहिजे. रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. 'पुढे बस थांबली, आडून माणूस येईल.' 'फाटक उघडं आहे, मूल धावेल.' जो गप्प बसेल त्याला मास्तर फैलावर घ्यायचे. "मिठाची गुळणी धरलीय का? तुम्हाला काय दिसतंय ते मला कसं कळणार?"

अठ्ठावीस वर्षं हेच चाललेलं. आता पाठ कुरकुरायची, गुडघे कुरकुरायचे, आणि घरी लेक. "बाबा, एकदा डोळे दाखवून या हो." मास्तर 'उद्या' म्हणायचे. उद्यांना काय तोटा! पण डॉक्टरांनी मान हलवली की शिकवण्याचा परवाना गेला, आणि या सीटवर बसण्यावाचून मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं.

आज शेवटचा तास शिंपीणबाईंचा. चाळिशी उलटलेल्या, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. परवा त्यांची परीक्षा होती आणि आज नेमका घसा बसलेला. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांना बरंच वाटलं, दिवसभर ऐकून कान किटले होते.

"असू दे," ते म्हणाले. "आज नुसतं बघा."

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. कडेला टेम्पो उभे होते. मास्तर सीटवर सैलावले. रस्ता आज कसा रिकामा होता! इतका रिकामा रस्ता कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात गाडी कचकन थांबली आणि मास्तर पट्ट्यासकट पुढे फेकले गेले. बॉनेटवर हात टेकून एक आजोबा उभे होते, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. दोन टेम्पोंच्या मधून, मास्तरांच्याच बाजूने आलेले. मास्तरांच्या पायापाशी दुसरा ब्रेक होता, खास अशाच वेळेसाठी बसवलेला. पाय जागचा हलला नव्हता.

आजोबा शिव्यांची लाखोली वाहून निघून गेले. बाईंनी गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा खुलला होता.

"तुमचा ब्रेक मुद्दामच दाबला नाहीत ना?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मला जमतंय का ते बघायला?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांची नजर पायाकडे गेली. गेले कित्येक महिने ते रस्ता नुसता ऐकत होते. शिकणारा म्हणाला की पाय ब्रेकवर जायचा. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"नाही बाई. मला ते दिसलेच नाहीत."

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आता?"

"पुढच्या चौकात डावीकडे डोळ्यांचा दवाखाना आहे. हळूहळू न्या. लेकीला तिथे बोलावतो, तिथून पुढे गाडी ती नेईल."

गाडी निघाली.

"डावीकडे सायकल," बाई म्हणाल्या.

"घसा जपा हो. परवा परीक्षा आहे."

"तुम्हाला कळायला नको?" आवाज चिरकला. बाईंनी खाकरून घेतलं. "पुढे शाळा. मुलं सुटलीत."

मास्तरांनी पाय ब्रेकवर ठेवला आणि ऐकत राहिले.