वाटीतला कापूर

रुग्णालयाच्या आत नसेल एवढी गर्दी फाटकासमोरच्या गल्लीत, कापूरबाबांच्या दारात असे. पातेल्यात पाणी, पाण्यावर चिमूटभर कापराचा चुरा. कण गरगर फिरू लागले की बाबा म्हणत, "जीव खेळतोय. पेशंट जगणार." कण थबकले की घरचे तिथेच मटकन खाली बसत.

दादाच्या यकृतातली कर्करोगाची गाठ काढल्यावर सर्जनबाई सरळ बोलल्या होत्या. "गाठ पूर्ण निघाली आहे. पुन्हा येणारच नाही, असं मी सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी तपासायला या." वहिनीला ते झोंबलं. एवढी शिकलेली बाई, आणि हो की नाही ते सांगता येत नाही?

बाबांना येत होतं. त्यांनी दादाचे डोळे निरखले, डोळ्यांत पिवळेपणा नव्हता, आणि कापूर भिंगरीसारखा फिरला. "सुया कशाला टोचून घेता? यकृत मला पाण्यात दिसतं," असं म्हणून त्यांनी कापराची पुडीही दिली. पातेल्यात यकृत बघणारा डॉक्टर, तोही बिनशिकलेला! तपासण्या बंद झाल्या. वहिनी रोज संध्याकाळी वाटीत कापूर सोडायची, तो फिरला की दोघं निश्चिंत जेवायला बसायची. परगावी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वर्षभराने दादाच्या पायांना सूज आली, आणि एका संध्याकाळी कापूर हललाच नाही. वहिनीचा फोन आला तसा मी निघालो. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"दवाखान्यात जाऊन आता काय करायचं?" तो म्हणाला. "कापूर थांबला."

मी वाटी उचलली. तिला तेलाचा वास येत होता. "वहिनी, कापूर सोडायच्या आधी काय करत होता तुम्ही?"

"यांचे पाय चोळत होते. तेल लावून."

मी वाटी घासली, खळखळून विसळली, नवं पाणी घेतलं. कापूर फिरू लागला. मग तेलाचं बोट पाण्याला टेकवलं, तसा थांबला. "कापूर विरघळतो तसे त्याचे कण पाण्याच्या पृष्ठभागावर ओढले जातात. तेलाचा पातळ थर पसरला की ती ओढ संपते. यात दादाचा जीव कुठेच नाही."

वहिनी आपल्या तळव्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्याच हाताने थांबला?"

"हो. आणि फिरत होता तोही दादा बरा होता म्हणून नाही."

दादा उठून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला रुग्णालयात नेलं. गाठी परतल्या होत्या, यकृतभर. "लहान असताना सापडल्या असत्या तर काही करता आलं असतं," सर्जनबाई म्हणाल्या. "नक्की वाचले असते, असंही मी म्हणू शकत नाही." दादा त्यानंतर फार दिवस राहिला नाही. मला अजून राग येतो, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर मी घासलेली वाटी घेऊन त्या गल्लीत गेलो. वहिनीही आली. एका आजीने आपल्या पिवळ्या डोळ्यांच्या मुलाला पुढे बसवलं होतं. बाबांनी केसांतून हात फिरवला, पाण्यात बोट घातलं, कापूर थबकला. त्यांच्याच पुडीतला कापूर मी माझ्या वाटीतल्या स्वच्छ पाण्यात सोडला. फिरला. मग मीही माझ्या तेल लावलेल्या केसांतून बोट फिरवून पाण्याला लावलं.

"थांबला," मी म्हणालो. "आता कुणाचा जीव गेला?"

बाबा पातेलं उचलून आत गेले. आजीने माझा हात धरला. "मग तुम्ही तरी सांगा. माझा मुलगा जगेल?"

उत्तर वहिनीने दिलं.

"मला नाही माहीत, आजी. आतल्या डॉक्टरीणबाईंनाही नक्की माहीत नसेल. नाही माहीत असं सांगतात, म्हणूनच तपासून बघतात. त्या पुन्हा या म्हणाल्या, की पुन्हा जा. आम्ही गेलो नाही."