तारखेची जागा

आमच्या दादासोंना एकदा काही सुचलं की त्यांना दम निघत नाही. बारामतीत कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा तसंच, आणि नव्याण्णव साली सगळ्या गावांची पानं एकत्र करायचं डोक्यात आलं तेव्हाही तसंच. मी त्या क्लासात शिकवायचे, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

ब्लॉग हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. आम्ही नुसतं 'पान' म्हणायचो. कळसचं एक, बावड्याचं एक, मोरगावचं एक. इंटरनेटवर एक फुकट जागा मिळत होती, तिथं दादासोंनीच ती उघडून दिली होती. बाहेरगावी, बाहेरदेशी गेलेली पोरं त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि नवा मजकूर सगळ्यांत वर यायचा. आम्ही तो छापून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचो. कळसला स्टँडसमोर राजमहंमदभाईंचं चहाचं हॉटेल होतं. ते कागद मोठ्यानं वाचायचे, आधी तारीख, मग मजकूर, आणि ज्याचं पोरगं त्याच्या हातात कागद देऊन टाकायचे.

तारीख मात्र जो तो आपल्या रीतीनं लिहायचा. मोरगावची पोरं चतुर्थी धरून, बावड्याची इंग्रजी कॅलेंडर बघून, तर कळसची सणावरून नाहीतर बिरोबाच्या जत्रेवरून. मस्कतला ट्रक चालवणारा जोतीराम तिकडूनही 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' असंच लिहायचा. ऐकणाऱ्याला कळायचं, मग बिघडलं कुठं?

दिवाळीच्या तोंडावर जोतीराम गेला. वाळवंटात ट्रक उलटून पेटला, पाठवण्यासारखं काही उरलं नाही, असा कंपनीचा फोन राजमहंमदभाईंच्या हॉटेलात आला. बायकांनी त्याच्या बायकोचं, मनिषाचं, कुंकू पुसलं. आई बानूबाई मात्र रडली नाही. "म्या तोंड पाह्यलं न्हाय, कसं मानू?" एवढंच म्हणायची. बाजाराला बारामतीत आली की क्लासात डोकवायची. "पोरी, माज्या जोतीचं काय आलंय का?" मी नाही म्हणायचे. असलं 'नाही' जिभेला कधी सवयीचं होत नाही.

उन्हाळ्यात ती फुकट जागा बंद होणार असं कळलं. दादासोंनी दुसरीकडं हक्काची जागा घेतली आणि तिन्ही पानं एकाच डेटाबेसमध्ये ओतायची ठरवली. "आधी थोडं घालून बघा," मी म्हणाले. पण ऐकतील तर दादासो कसले! डेटाबेसला तारखेच्या जागी आकड्यातली तारीख लागते. त्याला नागपंचमी काय कळणार आणि जत्रा काय कळणार? जिथं तारीख कळली नाही, तिथं त्यानं त्याच दिवसाची तारीख घातली. जुना मजकूर नवा होऊन वर आला. त्या दिवशी मी रजेवर होते. दादासोंनी एक ओळ न वाचता वरची पानं छापली आणि कळसच्या गाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडला तर पायरीवर बानूबाई. हातात छापलेला कागद आणि साखरेची पुडी. मागं मनिषा, कडेवर पोरगी. मनिषाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"माजा जोती जित्ता हाय!" बानूबाई म्हणाली. "राजमहंमदनं दोनदा वाचून दावलं. कालची तारीख हाय. आता तू त्येला लिव, म्हनावं आई वाट बघतीया."

दादासोंनी कागद घेतला, तारीख पाहिली आणि तोंड फिरवून मशीनच्या वायरी चाचपायला लागले. इतका राग आला मला! सगळ्या तालुक्याला ज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दोन शब्द बोलता येईनात. शेवटी मीच बानूबाईला खुर्चीवर बसवलं आणि हात हातात घेऊन सगळं सांगितलं.

"तारीख खोटी?" ती म्हणाली. "मग त्यो बोलतोय त्ये?"

"बोलणं त्याचंच आहे, मावशी. पण जुनं आहे. तो गेला त्याच्या आधीचं."

मला वाटलं, मनिषा आता कोसळणार. ती हलली नाही. कडेवरची पोरगी पुडीकडं हात करून "आजी, साकर दे" म्हणत होती.

"मला ठावं हुतं," मनिषा हळूच म्हणाली. "पोरीला दात आलं का, आसं हाय त्यात. हिचं सगळं दात येऊन ही बोलाया लागली. पर आत्याबाई इतक्या दिसांनी हसल्या. कुंकू लावाया आल्या, तर म्या कपाळ म्होरं केलं."

बानूबाईनं कागद चाचपला. "मलाबी वाटलं हुतं, ह्ये ऐकल्यालं हाय," ती म्हणाली. "पर तारीख आताची म्हनला, आन् मन धावलं."

मग तिनं "जोत्या रं!" म्हणून हंबरडा फोडला. पुडी फुटून साखर फरशीवर सांडली. इतके महिने अडवून धरलेलं सगळं रडणं ती आमच्या क्लासात रडली, आणि मीही रडले. दादासो भिंतीकडं तोंड करून उभे होते.

बानूबाईचा आवाज बसला तेव्हा मनिषानं पोरीला माझ्याकडं दिलं. मागच्या खेपेला बायकांनी तिला धरून कुंकू पुसलं होतं. या खेपेला तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि सासूच्या समोर बसून आपलं आपणच पुसलं.