धातुमहाराजांची बरणी

कॅन्टीनमध्ये चहापेक्षा त्या बरणीभोवती जास्त गर्दी असायची. बरणीत आमच्याच गॅसविहिरीचं खारं पाणी, त्यात गंजून लाल झालेला एक साधा खिळा आणि शेजारी महिनाभर लखलखणारी धातूची पट्टी. पट्टीच्या विक्रेत्याला आम्ही धातुमहाराज म्हणायचो. तो बोलायचाही तसाच. "हा धातू गंज ओळखतच नाही. श्रद्धेने हात लावा, नाहीतर संशयाने कानस लावा." कानशीने खरोखरच ओरखडा उठेना, मग फिटर मंडळी माना डोलवायची.

मला ही भक्ती पहिल्यापासून खटकत होती. त्याच धातूच्या नळ्या घ्यायचं साहेबांनी जवळपास ठरवलं होतं. त्या बसणार होत्या विहिरीच्या तोंडाशी, आणि तिथे माझ्या मेहुण्याची ड्यूटी. तिथे विषारी गॅस निघतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त असेल तर वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. नळी फुटली तर काय, याची मला भीती वाटत होती. मेहुणा मात्र हसायचा. "दाजी, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते."

एकदा चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं, बरणीला झाकण नाही आणि आम्ही तिला खेटून खुशाल चहा पितोय. त्या पाण्यात गॅस असता तर कोणी इथे बसलं असतं का?

मी हे प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगितलं. त्या तडक आल्या आणि त्यांनी एक पट्टी मागितली. "घ्या की. परत येऊन तुम्हीच पाया पडाल," महाराज म्हणाले.

बाईंनी ती पट्टी धनुष्यासारखी वाकवून बोल्टने ताणली. जोडीला भरपूर निकेल असलेल्या मिश्रधातूची पट्टी तशीच ताणली. दोन्ही बंद पात्रात, खाऱ्या पाण्यात बुडवल्या आणि त्यात विहिरीतला विषारी गॅस सोडला. आठवडा उलटायच्या आत महाराजांच्या पट्टीचे दोन तुकडे झाले. दुसरी होती तशीच राहिली.

बाईंनी साहेबांसमोर ते तुकडे बरणीशेजारी ठेवले. त्यांच्यावर गंजाचा कणही नव्हता.

"गंजली नाही, हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण या गॅसमुळे धातूत हायड्रोजन शिरतो. असा कडक धातू ताणाखाली असला की आतून तडकतो. कानशीला दाद न देणारा कडकपणा तुम्हाला गुण वाटला, इथे तोच रोग आहे. नळीवर कायम ताण असतो. बरणीत ताणही नव्हता आणि गॅसही नव्हता."

"गॅस उडून गेला असेल," महाराज पुटपुटले.

"मग महिनाभर तुम्ही दाखवत काय होता?"

महाराजांनी बरणी उचलली. नळ्यांचा बेत साहेबांनी तिथेच रद्द केला. मेहुण्याने एक तुकडा हातात घेतला. "दाजी, ही नळी माझ्या तोंडासमोर फुटली असती," तो म्हणाला.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं म्हणतात. नमस्कार जरूर करा, पण आधी एक विचारा: ही वस्तू जिथे वापरायची, तिथलं सगळं या बरणीत आहे का? ते न विचारता आम्ही महिनाभर हात जोडले. ते मेहुण्याच्या जिवावर बेतणार होतं.