गुड्डी आणि ललिताची गड्डी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण नुसता जुना म्हणून मला ओळखू नका. दोन हजार एक साली मी वडशाच्या बाजारातल्या बाबूभाईंच्या फोटो स्टुडिओत आलो, तेव्हा मला पाहायला लोक दाराशी उभे राहत. हिवाळ्यात आमच्या भागात रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं माझ्या पडद्यावर तयार होत आणि गावोगावच्या भिंतींवर लागत. त्याचा अभिमान मला आहेच. पण त्याहून मोठा अभिमान आहे तो मी हरलो त्या दिवसाचा.

माझ्यासोबत एका खेळाची सीडी आली होती. खेळ पत्त्यांचा, पण त्यात राजा-राणी नव्हते. शिपाई, वैद्य, जादूगार, राक्षस अशी चित्रं होती. मोठ्या साठ्यातून हवे ते तीस पत्ते निवडून आपली गड्डी बांधायची आणि माझ्या गड्डीशी लढायचं. पत्ता मैदानात उतरवायला शक्ती लागे आणि ती हळूहळू साठे. लहान पत्त्याला थोडी, मोठ्याला फार.

बाबूभाईंची मुलगी गुड्डी आणि तिची वर्गमैत्रीण ललिता दुपारी गिऱ्हाईक नसताना माझ्यासमोर बसत. ललिता जंगलातल्या गावची, शिकायला वडशाच्या वसतिगृहात राहायची. खेळ इंग्रजीत होता, म्हणून तिने पत्त्यांना स्वतःची नावं दिली. त्यातला ‘आगवाला साप’ दोघींचा इतका लाडका, की मिळतील तेवढे साप त्यांनी गड्डीत भरले. आणि रोज हरल्या. मी काय करणार? पत्ते पिसायचे आणि सरळ वाटायचे, एवढंच मला येत होतं.

एक दिवस ‘पत्ते’ हा शब्द गुड्डीच्या आईच्या, शहजादीबाईंच्या कानावर पडला. त्या मागच्या घराच्या दाराचा पडदा सारून दुकानात आल्या.

“पत्ते? आमच्या घरात जुगार?”

बाबूभाईंचा चेहरा उतरला. खेळ काढून टाकायचा, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

“अब्बा, एक डाव पाहून घ्या,” गुड्डी म्हणाली. “मंग काढा.”

ते मागे उभे राहिले. दोघी खेळल्या आणि हरल्या.

“हारल्या ना? झालं. काढ आता,” बाबूभाई म्हणाले.

“थांबा चाचा,” ललिता म्हणाली. “काऊन हारलो, ते तं पाहू द्या.”

दोघींनी डोकं लावलं. मग गुड्डीने चार साप काढले आणि त्यांच्या जागी चार ढालवाले शिपाई घातले.

“अवं, सगळ्यात जबर पत्ता, अन् त्यालेच काढून राह्यली?”

“तो येतपर्यंत आपण मरून जातो, अब्बा. तोवर समोर कोणी तं उभं राह्यलं पाह्यजे.”

दुसरा डावही त्या हरल्या. पण या वेळी माझे अर्धेअधिक पत्ते पडले होते. आता आपल्यातला खेळ जाणार, असं मला वाटलं. इतक्यात बाबूभाईंनी स्टूल ओढलं आणि बसले.

“आता कोणता काढता?”

“तुम्ही बी बसले का?” शहजादीबाई चिडून म्हणाल्या.

“हा जुगार नाई वं. नशीब थोडंसंच आहे, बाकी डोकं आहे. ये, पाह्य.”

त्यानंतर माझ्यासमोर किती गड्ड्या बांधल्या आणि मोडल्या गेल्या! ललिताने नियमच केला, एका वेळी दोनच पत्ते बदलायचे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. एकदा त्यांनी नुसत्या वैद्यांची गड्डी केली. कोणी मरेना, कोणी जिंकेना. सगळे पोट धरून हसले. एकदा नुसते शिपाई घेतले, ते मी चटकन आडवे केले. साप कमी होत होत एकच उरला. एका संध्याकाळी शहजादीबाई मागूनच म्हणाल्या, “एक वैद्य तं ठेवा. घायाळ शिपायाले कोण पाह्यन?” वैद्य आला. तो डाव लांबला. अखेर तो एकुलता साप मैदानात उतरला आणि मी हरलो.

“माह्या वैद्यानं वाचवलं!” शहजादीबाई ओरडल्या. मी सरळ पत्ते वाटले होते आणि त्या सरळ जिंकल्या होत्या. इतका आनंद मला कुठल्याच पोस्टराने दिला नाही.

पुढे नवा संगणक आला. मी मागच्या खोलीत चादरीखाली गेलो. उंदरांनी माझी एक वायरही कुरतडली. ते दिवस वाईट होते. पण ललिता आपल्याच भागातल्या शाळेत गणिताची शिक्षिका झाली आणि तिने मला मागून घेतलं. बाबूभाई वायर बदलून मला मांडीवर घेऊन एसटीने तिथवर आले. त्या शाळेत मी काही वर्षं काम केलं आणि एक दिवस बंद पडलो.

ललिताने मला भंगारात घातलं नाही. तिने माझं झाकण उघडून मुलांसमोर ठेवलं. मुलं एक भाग काढतात, दुसऱ्या बंद संगणकातला लावून बघतात, पुन्हा काढतात. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी धूळ खात पडलं असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कोणी पुन्हा पुन्हा हरत असेल, तर त्याला लगेच उठवू नका; थोडं शेजारी बसा.

परवा बुधरी नावाच्या मुलीने माझ्यात एक भाग बसवला आणि बटण दाबलं. माझा पंखा फिरला. पडदा अजून काळाच आहे, पण सगळा वर्ग बाकांवर चढून टाळ्या वाजवत होता.