कस्तुराबाईच्या आवाजाचा मालक

अंगदनं बंद पाळला तो वार बुधवार होता. साल दोन हजार बारा, महिना जानेवारी. औरंगाबादेत त्या दिवशी कुठलाच बंद नव्हता. उस्मानपुऱ्यात चहाच्या टपऱ्या उकळत होत्या, रिक्षावाले एकमेकांची आई काढत होते आणि टँकर नव्या सोसायट्यांच्या टाक्या भरत पळत होते. बंद होता तो इंटरनेटवर. अमेरिकेत एक कायदा येऊ घातला होता. अमुक साइटवर माझं गाणं, माझा सिनेमा चोरून ठेवलाय असं कुणी म्हटलं, की ती अख्खी साइट लोकांना दिसेनाशी करायची सोय त्या कायद्यात होती. त्याच्या विरोधात जगातल्या मोठमोठ्या साइट एक दिवस काळ्या राहणार होत्या.

शेंद्र्याच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या मेंढपाळाच्या पोराला अमेरिकेच्या कायद्याशी काय देणंघेणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा दम धरावा. अंगदची स्वतःची साइट होती. फुकट पान देणाऱ्या एका कंपनीकडं त्यानं ती उघडली होती, श्रीरंगच्या सायबर कॅफेत एकेक अक्षर चाचपडत. आणि त्या पानावर होत्या त्याच्या आईच्या नऊ ओव्या.

त्याची आई कस्तुराबाई संध्याकाळी मेंढरं बसवताना गायची. तळ पडला, भोवती जाळं लागलं, की ती दगडावर बसायची आणि एकेका मेंढीचं नाव घेऊन ओवी धरायची. कळप गप होई. अंगदनं ते कॅसेटवर भरलं, मग श्रीरंगकडून पानावर चढवून घेतलं. नवव्या ओवीच्या शेवटी ती मध्येच थांबून ओरडते, "अंग्या, बंद कर रं ते! च्या उतू चाललाय!" श्रीरंग म्हणाला होता, हे कापू का? अंगद म्हणाला, "हात लावू नको."

पुढं काविळीनं कस्तुराबाई गेली. सोनाजी, अंगदचा बाप, कळप घेऊन एकटाच हिंडू लागला. दर शुक्रवारी, अंगदच्या सुट्टीच्या दिवशी, दिवस मावळताना त्याचा मिस कॉल यायचा. अंगद कॅफेतून उलट फोन लावायचा आणि मोबाइल कंप्युटरच्या स्पीकरला चिकटवून धरायचा. तिकडं सोनाजी आपला फोन मोठ्या आवाजावर करून दगडावर ठेवायचा. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. बाप मात्र शेवटचं "च्या उतू चाललाय" ऐकल्याबिगर फोन ठेवत नसे.

बंदाची बातमी श्रीरंगनंच सांगितली. तो पिढीजात कारकुनांच्या घरातला; कागद नीट वाचण्याची सवय रक्तातच. म्हणाला, "तुला करायचंच असेल तर पहिल्या पानावर काळा पडदा टाक. मागचं सगळं तसंच राहू दे. मोठे लोकही तेच करतायत."

"म्हंजे शटर अर्धं वढायचं अन् मागच्या दारानं धंदा चालू?" अंगद म्हणाला. "तसल्यांच्या काचा फोडल्यात आम्ही, श्रीरंगभाऊ. बंद म्हंजे बंद."

"अरे, रस्त्यावरचा बंद वेगळा, हा वेगळा. निदान गाणी दुसरीकडं उतरवून ठेव."

"इंटरनेटवर हायेत की! तुझ्या डबड्यापरीस तिथं जास्त नीट राहतील."

डबड्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. कॅफेतली मशिनं दर दोन महिन्यांनी व्हायरसनं मरायची आणि श्रीरंग ती कोरी करायचा. अंगदच्या साध्या मोबाइलात गाणं मावत नव्हतं. त्यानं 'पान बंद करा' असं बटण शोधलं. मशिननं दोनदा विचारलं, नक्की? अंगद दोन्ही वेळा हो म्हणाला. बुधवारी दिवसभर कारखान्यात त्याची छाती फुगलेली होती. जगातल्या बड्या लोकांबरोबर आपणही शटर ओढलंय. कुणाला पत्ता नव्हता, पण ओढलंय.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं पान पुन्हा चालू केलं. मशिनच्या लेखी ते पान नवं होतं आणि त्यावरचा सगळा माल नव्यानं आलेला. नव्या मालाची झडती होते. नऊच्या नऊ ओव्यांपुढं लाल अक्षरं उमटली: या ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्याकडे आहेत, सबब काढून टाकण्यात आले आहे.

"दुसऱ्याकडं म्हंजे कुणाकडं?" अंगदनं विचारलं.

श्रीरंगनं दाबून पाहिलं. एका गाण्याच्या कंपनीचं नाव आलं. अंगदनं ते नाव ओळखलं. तीन वर्षांमागं त्या कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस तळावर आला होता. कस्तुराबाईला हिरवं लुगडं दिलं, कागदावर अंगठा घेतला, 'कॉपी करून लगेच परत देतो' म्हणून कॅसेट नेली. ती परत आलीच नाही. अंगदनं नाद सोडला होता, ओव्या पानावर सुखरूप होत्या ना! जुना माल म्हणून इतके दिवस त्यांना कुणी हटकलं नव्हतं. हटकायला लावलं त्यानं स्वतः, बंद पाळून.

श्रीरंगनं तक्रारीचा इंग्रजी फॉर्म भरला. उत्तर आलं, मालकीचा पुरावा जोडा. ती आई असल्याचा पुरावा रेशनकार्डावर होता. आवाज तिचा असल्याचा पुरावा कुठं मिळतो? तलाठ्याकडं? आणि अंगठा तर त्यांच्याच कागदावर होता.

त्याच आठवड्यात अमेरिकेतला तो कायदा बारगळला. मोठ्या साइटींनी जिंकलो म्हणून जाहीर केलं. जिंका बाबांनो. इथं कायदा न येताच काम तमाम झालं होतं.

शुक्रवारी मिस कॉल आला. अंगदनं बापाला सांगितलं.

"तिचं गाणं अन् मालक तिसराच?"

"व्हय, आबा."

"अन् दार तूच लावलंस?"

"व्हय."

"शिकल्याला हाईस," सोनाजी म्हणाला आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महिनाभरानं मोबाइल कंपनीचा मेसेज आला: लोकगीतांची कॉलर ट्यून, महिना तीस रुपये. यादीत दुसरी ओळ होती, 'धनगरी ओवी, पारंपरिक'. कस्तुराबाईचं नाव कुठंच नव्हतं. अंगदनं ती लावली आणि शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःलाच फोन केला. आई! मागं कुणीतरी ढोलकी आणि कीबोर्ड कोंबला होता, चहा कापून टाकला होता, पण आईच.

त्यानं बापाला हे समजावलं. "आबा, मला फोन लाव. मी उचलेपर्यंत ती गाती."

"मग उचलू नको."

"अन् तुला काय सांगायचं असलं तर?"

"सांगायसारखं काय उरलंय? तू रविवारी लाव मला. मी लावला की वाजू दे."

तसं ठरलं. फोन वाजायचा, स्क्रीनवर 'आबा' यायचं, अंगद बघत बसायचा. खोलीवरचे सोबती ओरडायचे, "उचल की बे, बाप हाय का सावकार?" एकदा न राहवून त्यानं उचलला, तर सोनाजी तिकडून कडाडला, "तिला पुरं गाऊ देत नाय व्हय, हरामखोरा!"

उन्हाळा भाजत आला. पाणी शहराकडं जायचं, कारखान्यांकडं जायचं, मेंढरांकडं कुणाचाच नळ नव्हता. सोनाजीनं कळप बिडकीनच्या अलीकडं आणला. मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी चारला फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. शुक्रवार नव्हता, हे अंगदच्या ध्यानात आलं. त्याला वाटलं, आज म्हाताऱ्याला लईच आठवण आली असंल. ऐकू दे. त्यानं फोन खिशात थरथरू दिला. चौदा वेळा.

बुधवारी सकाळी कचरूचा फोन आला. तो सोनाजीच्या शेजारी तळ टाकून असायचा. "अंग्या, मेल्या, कुठं हाईस? तुझ्या बापाच्या कळपानं काल नाल्याचं पाणी पेलं. हिरवं पाणी, कुठल्या कारखान्याचं कुणास ठाऊक. म्हातारा तुला फोन लावून लावून थकला. डॉक्टर घेऊन ये म्हणणार व्हता. माझा फोन काल बंद पडल्याला. सांच्यापस्तोर पन्नास मेंढरं गेली."

अंगद पोचला तेव्हा सोनाजी दगडावर बसला होता. भोवती फुगलेली पोटं, उघडे डोळे. आठ-दहा मेंढ्या जाळ्याला टेकून उभ्या होत्या, पडायच्या बेतात.

"आबा, मला वाटलं तू ऐकतोयस."

"ऐकलंच की," सोनाजी म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, भाव सांगावा तसा. "चौदा बारी ऐकलं. इकडं तांबडी पडायली, तिकडं ती तांबडीचंच नाव घेऊन गायली. मी म्हणतो, बाई, आता गप, पोराला उचलू दे. ती काय गप बसती?" त्यानं फोन उलटा करून दगडावर ठेवला. "तुझं चुकलं नाय. उचलू नको, मीच म्हणलो व्हतो."

अंगदनं त्या आठवड्यात ट्यून बंद करायची ठरवली. बटणापर्यंत बोट गेलं. मशिननं विचारलं, नक्की? त्यानं नाही म्हटलं.

शुक्रवारी दिवस मावळताना फोन वाजला. अंगदनं पहिल्याच घंटीला उचलला. "आबा? काय झालं, आबा?"

पलीकडं वारा होता आणि एक म्हातारा श्वास. फोन कट झाला.

लगेच पुन्हा वाजू लागला. या वेळी त्यानं उचलला नाही.