गिलाव्याखालची भिंत

जुने तारघर धोकादायक ठरवून पाडण्याचा आदेश ज्याच्या सहीने निघाला, तो नगर अभियंता माझा सख्खा भाचा आहे. त्यामुळे पाडकामाच्या आदल्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन तारघराच्या मोठ्या दालनात शिरलो, तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, खुर्ची टाकून दारातच बसली. तिची सगळी नोकरी याच दालनात तारा पाठवण्यात गेली होती.

आदेशाला आधार एकच होता: भिंतींवरचे तडे. ते मीही पाहिले होते. परंतु या भिंती विटांच्या असून चुन्यात बांधलेल्या आहेत, आणि चुन्याची भिंत ओल शोषते तशी बाहेरही सोडते. मध्यंतरी डागडुजीच्या नावाखाली कोणीतरी त्यांच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला. ओल आत कोंडली, गिलावा फुगला आणि तडकला. तडा दिसला की तो गिलाव्याला गेला आहे की भिंतीला, हे आधी पाहावे, असे तंत्रनिकेतनात आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले होते. भाच्याच्या खात्याने तड्यांची छायाचित्रे काढली, पण गिलावा उघडून पाहिला नाही. तो उघडून पाहा, अशी मागणी करणारे माझे अर्ज ‘विचाराधीन’ राहिले आणि फाटकाशी पाडकामाचे यंत्र येऊन उभे राहिले.

मी पहिला मोठा पोपडा उतरवतो आहे तोच भाचा आला.

“मामा, हातोडी खाली ठेवा. ही सार्वजनिक मालमत्ता आहे.”

“उद्या तू ती जमीनदोस्तच करणार आहेस ना?”

“ते कायदेशीर आहे. तुम्ही करताय ते नुकसान.”

“ऐकलंस?” ताई मला म्हणाली. “अख्खी भिंत पाडली तर काम, पोपडा काढला तर गुन्हा. एवढं शिकवलं त्याला, ते कुठे गेलं कोण जाणे.”

“आई, तू घरी जा बघू.”

“जाते की. याचं आटपू दे.”

पोपड्याखाली विटा निघाल्या, सांध्यांतला चुना घट्ट होता. तडा गिलाव्यातच संपला होता. भाच्याने विटांवरून बोट फिरवले. मी आणखी दोन जागा उघडल्या, तिथेही तेच. पूर्वेच्या दारावरच्या कमानीशी मात्र तडा विटांमध्ये उतरलेला दिसला.

“हा बघा,” तो लगेच म्हणाला. “हा आरपार आहे.”

“आहे. माथ्याची वीट सरकली आहे. हे दुखणं खरं आहे.”

“अरे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?” ताईने मला विचारले.

“जे आहे ते आहे, ताई. कमानीला टेकू द्यावा, तेवढ्याच विटा काढून पुन्हा बसवाव्यात. बाकी इमारतीला काहीही झालेलं नाही.”

“म्हणजे दाढ दुखते म्हणून हा मुंडकं उडवायला निघालाय,” ती लेकाकडे बघत म्हणाली.

भाच्याने कपाळ पुसले. “आदेश आता माझ्या हातात नाही, मामा. यंत्र उद्या चालणारच. आणि तुम्ही थांबला नाहीत तर मला पोलिसांना बोलवावं लागेल.”

“बोलव. त्यासाठीच तर दिवसाउजेडी आलोय.”

“म्हणजे?”

“गुन्हा नोंदवलास की जागेचा पंचनामा होईल. मी काय फोडलं, कुठे फोडलं आणि खाली काय निघालं, सगळं त्यात येईल. विटा शाबूत असल्याचंही. आणि चौकशी चालू असलेली भिंत कोण पाडायला धजतो, ते मला बघायचंय.”

“तुम्हांला अटक होईल.”

“या वयात कुणीतरी न्यायला येतंय, हे काय कमी आहे?”

त्याने खिडकीशी जाऊन फाटकावरच्या यंत्राकडे पाहिले. मग त्याने फोन लावला. “तारघरात या,” तो म्हणाला. “सरकारी भिंतीचं नुकसान झालंय. हो, समोरच आहेत, पळून जाण्यातले नाहीत.” जरा थांबून आवाज खाली आणत त्याने पुढे सांगितले, “आणि पंच आणताना बांधकामातले आणा.”

“किती वेळात येतील?” मी विचारले.

“अर्धा तास तरी लागेल.”

मी उत्तरेच्या भिंतीशी गेलो आणि गिलाव्यावर छिन्नी टेकवली. हातोडी खाली ठेवा, असे तो या वेळी म्हणाला नाही.